अबाधित जोडीदाराची गोळी

पती-पत्नींपैकी एकाच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला आणि दुसऱ्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे घरावर जो आघात होतो त्यात सगळ्यांचे लक्ष साहजिकच बाधित माणसाकडे लागते. त्याचे औषध, त्याचे वजन, त्याच्या तपासण्यांचे कागद, लोकांना काय सांगावयाचे आणि काय नाही, या विवंचनेत महिने निघून जातात, आणि ज्याला लागण झालेली नाही त्याला 'तू सुटलास' किंवा 'तू सुटलीस' एवढे सांगून सगळे मोकळे होतात. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर उपचाराचे हे पहिले महिनेच त्या अबाधित जोडीदाराच्या बाबतीत पुष्कळदा सर्वांत जोखमीचे असतात, आणि नेमक्या याच काळासाठी रोज एकदा घ्यावयाची एक प्रतिबंधक गोळी गेल्या दशक-दीड दशकात उपलब्ध झालेली असून तिची खबर आपल्याकडील अनेक दांपत्यांपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. ही गोळी कोणी घ्यावी, केव्हा सुरू करावी, घरात ती सांभाळावी कशी, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे ती थांबवावी केव्हा, यासंबंधी येथे सविस्तर लिहिण्याचे योजिले आहे. पती-पत्नी असा शब्दप्रयोग सोयीसाठी केला असला, तरी जे दोघे पुरुष एकत्र आयुष्य काढीत आहेत त्यांनाही यातील बहुतेक सर्व मजकूर तसाच लागू पडतो.

आरंभी एक गोष्ट पक्की ध्यानात धरली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचे विवेचन निराधार ठरेल : अबाधित जोडीदाराचे सर्वांत मोठे संरक्षण बाधित जोडीदाराच्या नियमित उपचारात आहे. ९ देशांतील १,७६३ दांपत्ये ज्यात सामील झाली होती, आणि ज्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेमार्फत आपल्याकडील दांपत्यांचाही समावेश होता, त्या एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासात बाधितांच्या एका गटाला एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारे औषध, ताबडतोब सुरू करण्यात आले आणि दुसऱ्या गटाला त्या वेळच्या वहिवाटीप्रमाणे प्रतिकारशक्ती खालावेपर्यंत थांबविण्यात आले. २०११ साली मध्यंतरीचा हिशेब घेतला तेव्हा जोडीदाराकडून जोडीदाराला झालेल्या २८ लागणींपैकी २७ थांबलेल्या गटात आणि अवघी १ तत्काळ उपचाराच्या गटात निघाली, आणि हा फरक इतका निर्विवाद होता की सर्वांनाच औषध देऊ करण्याचा निर्णय तेथेच घ्यावा लागला. पुढे युरोपात पार्टनर या नावाने दोन अभ्यास झाले, ज्यांचे निष्कर्ष अनुक्रमे २०१६ आणि २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत रक्तातील विषाणूंची संख्या, म्हणजे व्हायरल लोड, दर मिलिलिटरला २०० च्या खाली असताना निरोधाविना घडलेल्या हजारो संबंधांतून बाधिताकडून त्याच्या जोडीदाराला झालेली एकही लागण सापडली नाही. सबब, व्हायरल लोड नियमित औषधाने न आढळण्याइतका खाली गेला आणि तेथे टिकून राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला विषाणू जात नाही, हे आज जगातील जाणत्या वैद्यांचे एकमताचे मत आहे, आणि ते प्रत्येक समुपदेशकाने प्रत्येक दांपत्याला पहिल्या भेटीतच, दोघांच्या तोंडाकडे पाहून सांगितले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. कारण या एका वाक्याने जितके संसार सावरतात तितके दुसऱ्या कशानेही सावरत नाहीत.

मग अबाधिताने स्वतः औषध घेण्याचे कारणच काय उरते? त्याचे उत्तर एचपीटीएन ०५२ अभ्यासाच्याच २०१६ च्या अंतिम अहवालात आहे. विषाणू स्थिरपणे दबलेला असताना जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. परंतु औषध चालू झाल्यानंतरही ज्या मोजक्या लागणी झाल्या त्या दोनच वेळी झाल्या : एक तर औषध नुकतेच सुरू झालेले होते आणि लोड खाली यावयाचा होता, किंवा औषध मध्येच निष्फळ ठरून विषाणूने पुन्हा डोके वर काढले होते. आरंभीचे महिने, आणि उपचार मोडल्याचे महिने : दांपत्याच्या दीर्घ सहजीवनात धोका मुख्यतः या दोन काळांत एकवटलेला असतो, आणि प्रतिबंधक गोळीचा खरा उपयोग त्याच दोन काळांत आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले म्हणजे पक्का पूल होईपर्यंत गावकरी साकव घालतात, त्यावरून माणसे ये-जा करतात, आणि पूल झाल्यावर साकवाची गरज संपते. तसेच या गोळीचे स्थान समजावे. ती आयुष्यभराची शिक्षा नाही, आणि जोडीदारावरील अविश्वासाची कबुलीही नाही.

गोळीत दोन औषधे एकत्र असतात, टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम. ही दोन्ही एचआयव्हीच्या उपचारातही वापरली जाणारी, वर्षानुवर्षे पारखलेली औषधे असून ती रक्तात व पेशींत आधीपासूनच हजर असली, तर बाहेरून आलेल्या विषाणूला शरीरात घर करता येत नाही. केनिया आणि युगांडा या देशांतील ४,७०० हून अधिक दांपत्यांवर झालेल्या अभ्यासात, जेथे बाधित जोडीदाराला त्या वेळच्या नियमाप्रमाणे अद्याप उपचार मिळालेला नव्हता, या जोडगोळीने अबाधितांमधील लागण ७५ टक्क्यांनी कमी केली. आणि ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडले, म्हणजे ज्यांनी ते खरोखर घेतले, त्यांच्यात हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत गेले. पुढे त्याच देशांत १,०१३ दांपत्यांना दोन्ही औषधे अशा रीतीने देण्यात आली की बाधिताची एआरटी चालू होऊन ६ महिने होईपर्यंत अबाधिताने गोळी घ्यावी आणि मग ती थांबवावी. जेथे सुमारे ४० लागणी होतील असा अंदाज होता तेथे केवळ २ झाल्या, आणि त्या दोघांच्याही रक्तात लागणीच्या सुमारास गोळीचे औषध आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भिन्न स्थितीतील दांपत्यांसाठी या गोळीचा पुरस्कार प्रथम २०१२ साली केला, आणि २०१५ साली लागणीचा लक्षणीय धोका असलेल्या सर्वांसाठी.

या उज्ज्वल आकड्यांच्या शेजारी एक दुसरा अनुभवही ठेवला पाहिजे. आफ्रिकेतील स्त्रियांवर व्हॉइस नावाचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात याच गोळीचा काही उपयोग दिसला नाही. आणि रक्त तपासले तेव्हा कारण उघड झाले, ते असे की ज्यांना गोळ्या दिल्या होत्या त्यांच्या रक्ताच्या १०० नमुन्यांपैकी ३० नमुन्यांतदेखील औषध नव्हते. गोळ्या घरी गेल्या, डबे रिकामे होऊन परत आले, परंतु पोटात गोळी गेली नाही; कोणाला घरच्यांची भीती, कोणाला शेजाऱ्यांच्या नजरेची, कोणाला 'मला काही झालेलेच नाही, मग औषध कशाला' ही शंका. दांपत्यांच्या अभ्यासात मात्र गोळी नियमाने घेतली गेली, याचे एक कारण मला स्वच्छ दिसते, ते म्हणजे तेथे घरातील दुसऱ्या माणसाला तिची माहिती होती आणि धोका कोठला आहे हेही दोघांना ठाऊक होते. ज्या घरात दोघेही रात्री जेवणानंतर आपापली गोळी घेतात, तेथे विसर पडण्याचा संभव फार कमी होतो.

आता प्रत्यक्ष सुरुवातीकडे वळू. गोळी सुरू करण्यापूर्वी अबाधित जोडीदार त्या दिवशी खरोखरच अबाधित आहे याची खात्री करून घेणे ही पहिली आणि टाळता न येणारी अट होय. ६ महिन्यांपूर्वीचा निगेटिव्ह रिपोर्ट येथे चालत नाही. चाचणी नव्याने करावी लागते, आणि गेल्या महिनाभरात ताप, घसा धरणे, अंगावर पुरळ, मानेत किंवा काखेत गाठी अशी लक्षणे येऊन गेली असतील तर ती डॉक्टरांपासून लपवू नयेत, कारण ताज्या लागणीच्या आरंभीच्या आठवड्यांत चाचणी निगेटिव्ह दिसू शकते. अशा माणसाला न कळत ही दोनच औषधे देत राहिले तर विषाणू त्यांना निर्ढावतो आणि पुढच्या उपचारात अडथळा उभा राहतो. म्हणून शंका असेल तेथे काही आठवडे थांबून पुन्हा चाचणी करणे आणि तोवर निरोधाचा कसोशीने वापर करणे हेच शहाणपणाचे. दुसरी तपासणी मूत्रपिंडाची : रक्तातील क्रिएटिनिन पाहून मूत्रपिंडे नीट काम करीत आहेत ना हे ठरवतात, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, तसेच अंगदुखीसाठी वारंवार वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय असलेल्यांनी ती गोष्ट आवर्जून सांगावी, कारण टेनोफोव्हिरबरोबर त्या गोळ्यांचा अतिरेक मूत्रपिंडांना बाधतो. तिसरी तपासणी कावीळ ब ची. ही गोळी कावीळ ब च्या विषाणूलाही दाबते, ही चांगली गोष्ट असली तरी तो विषाणू अंगात असताना गोळी अचानक बंद केली तर यकृताचा विकार उसळू शकतो. म्हणून तो आहे की नाही हे आधीच माहीत असले पाहिजे, आणि नसेल तर त्याची लस टोचून घेण्याची ही उत्तम संधी समजावी. स्त्री गरोदर आहे किंवा अंगावर पाजते आहे म्हणून गोळी नाकारण्याचे मात्र कारण नाही.

गोळी घेतली की त्या रात्रीपासून कवच चढले अशी समजूत करून घेऊ नये. औषधाची मात्रा शरीरात साठण्यास अवधी लागतो. किमान ७ दिवस रोज गोळी घेतल्यानंतर संरक्षण धरावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि योनिमार्गाच्या पेशींत औषध सावकाश साठत असल्याने स्त्रियांनी २१ दिवसांची मुदत धरावी असा अधिक सावध सल्लाही दिला जातो. माझ्या मते स्त्रियांनी दुसरा सल्लाच मानावा, कारण दोन आठवडे जास्त निरोध वापरल्याने काही बिघडत नाही. केवळ संबंधाच्या आधी दोन आणि नंतर एकेक अशा गोळ्या घेण्याची जी पद्धत आहे ती पुरुषांसाठी आहे. स्त्रियांनी ती ऐकीव माहितीवर अवलंबू नये, त्यांना रोजचीच गोळी हवी.

पहिल्या महिन्यात काहींना मळमळ, डोकेदुखी, पोटात वारा धरणे असा त्रास होतो आणि बहुतेकांचा तो आपोआप ओसरतो. जेवणानंतर किंवा रात्री निजताना गोळी घेतली तर तो कमी जाणवतो, आणि गोळी जेवणाआधी की नंतर याला औषधाच्या दृष्टीने काही महत्त्व नाही. हाडांची घनता किंचित कमी होते आणि गोळी थांबवल्यावर ती भरून येते. गर्भनिरोधक गोळ्यांशी हिचा विरोध नाही. मात्र हिने गर्भही थांबत नाही आणि उपदंश, परमा यांसारखे अन्य गुप्तरोगही थांबत नाहीत, ही गोष्ट विसरू नये. एखाद्या दिवशी विसर पडला तर आठवताच त्या दिवसाची गोळी घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. दर ३ महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी आणि ठरावीक काळाने मूत्रपिंडाची तपासणी, एवढा शिरस्ता गोळी चालू असेपर्यंत पाळावाच लागतो. ३ महिन्यांची चाचणी चुकवून गोळ्या आणीत राहणे यासारखी हयगय दुसरी नाही.

घरातील व्यवस्थेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण पुष्कळसा घोटाळा तेथेच होतो. बाधित जोडीदाराला एआरटी केंद्रातून जी गोळी मिळते तीत बहुधा टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधे असतात. अबाधिताच्या गोळीत दोन. दोन्ही औषधे सारख्याच पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, ३० गोळ्यांची, झाकणाखाली कागदी चकती आणि आत ओल शोषणारी लहानशी पुडी अशी येतात, आणि फळीवर शेजारी शेजारी ठेवली तर चष्मा नसलेल्या माणसाला लेबले वेगळी ओळखू येत नाहीत. म्हणून एका बाटलीच्या झाकणावर कुंकवाचा टिळा लावावा, किंवा रंगीत दोरा बांधावा, किंवा एक बाटली स्वयंपाकघरात आणि दुसरी कपाटात ठेवावी. परंतु अदलाबदल होऊ देऊ नये. याहून वाईट प्रकार असा की बाधिताच्या बाटलीतून दोघांनी मिळून गोळ्या घ्यावयाच्या, 'औषध तर एकच आहे' अशा समजुतीने. नवऱ्याच्या ३० गोळ्या दोघांत वाटल्या की त्या १५ दिवसांत संपतात, उरलेले १५ दिवस दोघेही औषधाविना राहतात, नवऱ्याचा लोड वाढतो, आणि जिच्या संरक्षणासाठी हे केले तीच पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येते. प्रेमापोटी केलेली ही वाटणी असते, म्हणून तिच्याविषयी रागावून बोलण्यापेक्षा समुपदेशकाने स्पष्ट विचारलेले बरे : 'ताई, तुम्ही त्यांच्या डब्यातली गोळी घेता का?' आणि ताईंनीही खरे उत्तर द्यावे. त्याबद्दल कोणी शिक्षा करीत नाही.

एकत्र कुटुंबात सासूबाईंची किंवा जावेची नजर चुकवून गोळी घेणे ही अडचण खरी आहे. लेबल काढून साध्या डबीत गोळ्या ठेवण्याचा मोह होतो. परंतु मूळ बाटलीतील ओल शोषणारी पुडी औषध टिकवून ठेवण्यासाठी असते, तेव्हा आठवड्याच्या सात गोळ्यांपुरती लहान डबी भरावी आणि बाटली कुलपात ठेवावी. कोणी विचारलेच, तर आपण कोणते औषध कशासाठी घेतो हे सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. दोघांपैकी एकाचा आजार हे त्याचे गुपित आहे, आणि ते त्याच्या परवानगीवाचून उघड न करण्याची जबाबदारी २०१७ च्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने घालून दिलेली आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असून संमतीवाचून चाचणी करण्यास आणि बाधितांशी नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. जोडीदाराला मात्र ही गोष्ट कळणे अत्यावश्यक असते, आणि ती बाधिताने स्वतः, समुपदेशकाच्या मदतीने सांगावी हा राजमार्ग. तो कोणत्याही प्रकारे सांगावयास तयार नसेल आणि जोडीदाराला मोठा धोका असेल, तर त्याला आधी समज देऊन व आपला इरादा कळवून डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला प्रत्यक्ष बोलावून सांगू शकतात. परंतु सांगितल्याने मारहाण होईल, घरातून हाकलले जाईल अशी सकारण भीती असेल तेथे ही मुभा कायद्याने काढून घेतली आहे. बाधित स्त्रियांना ही तरतूद ठाऊक असावी.

१९९७ साली रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांसंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात देहविक्रय न करणाऱ्या, बहुतांशी विवाहित व एकनिष्ठ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया बाधित आढळल्याची नोंद आहे. त्यांचा धोका त्यांच्या स्वतःच्या वर्तनातून आलेला नव्हता. तो लग्नातून आला होता, आणि निरोध वापरावा की नाही याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता. ते दिवस बदलले, उपचार आले, पण ही दुसरी गोष्ट अजून पुष्कळ घरांत तशीच आहे. नवऱ्याने निरोध वापरावा यासाठी त्याची संमती लागते. नवऱ्याचा लोड खाली यावा यासाठी त्याचा नियमितपणा लागतो. प्रतिबंधक गोळी ही एकच अशी गोष्ट आहे की जी पत्नी स्वतः, कोणाच्या परवानगीवाचून, पाण्याच्या घोटाबरोबर घेऊ शकते. या कारणासाठी मला या गोळीचे मोल तिच्या टक्केवारीहून अधिक वाटते. नवरा औषधात धरसोड करीत असेल, दारूच्या पायी केंद्राच्या तारखा चुकवीत असेल, रिपोर्ट दाखवीत नसेल, किंवा ट्रकवर अथवा ऊसतोडीला जाऊन महिनोन्महिने परगावी राहत असेल, तर पत्नीने सहा महिन्यांची मुदत धरून बसू नये; परिस्थिती सुधारेपर्यंत गोळी चालू ठेवावी. परगावी जाणाऱ्या बाधिताने केंद्रावर आगाऊ सांगितले तर अधिक दिवसांच्या गोळ्यांची किंवा मुक्कामाजवळच्या लिंक एआरटी केंद्रातून पुरवठ्याची तजवीज करता येते. न सांगता निघून जाणे मात्र दोघांनाही महाग पडते.

उलट बाजूही आहे. पत्नी बाधित आणि पती अबाधित अशा जोड्या थोड्या नाहीत, आणि तेथे पुरुषाला गोळी घेण्यात कमीपणा वाटतो किंवा 'मला काही होत नाही' ही घमेंड आड येते. अशा वेळी पत्नीला माहेरी धाडण्याच्या गोष्टी सुरू होतात. तिने औषध सुरू केलेले आहे, त्याने काही महिने गोळी घेतली की हा प्रश्न मिटण्यासारखा आहे, एवढी साधी गोष्ट दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगितली, तर मोडू घातलेले घर राहू शकते.

मुलाबाळांचा प्रश्न बहुतेक तरुण दांपत्यांच्या मनात असतो आणि तो विचारण्यास ती संकोचतात. त्यांनी निःसंकोच विचारावे; मूल होण्यास मनाई नाही. पूर्वी पती बाधित असता वीर्यावर प्रयोगशाळेत प्रक्रिया करण्यासारखे खर्चिक उपाय सांगितले जात. आता बाधिताचा लोड न आढळण्याइतका खाली असला तर नैसर्गिक रीतीने गर्भधारणेचा प्रयत्न करता येतो, आणि लोडविषयी शंका असेल किंवा पत्नीच्या मनाची खात्री हवी असेल तर तिने प्रयत्नाच्या महिन्यांत, त्याच्या किमान तीन आठवडे आधीपासून, गोळी घ्यावी. पाळीच्या मधल्या, गर्भधारणेस अनुकूल दिवसांपुरताच निरोध दूर ठेवणे ही जोडीची खबरदारी. पुढे गरोदरपणात व अंगावर पाजण्याच्या काळात तर अबाधित पत्नीने अधिकच जपावे आणि चाचणी पुन्हा पुन्हा करावी, कारण या काळात नवी लागण झाली तर तिच्या रक्तात विषाणू एकदम पुष्कळ वाढतो आणि बाळाला धोका पोहोचतो. पत्नी आधीपासूनच बाधित असेल तर तिचे औषध हेच बाळाचे संरक्षण; उपचारावाचून आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, ते उपचाराने ५ टक्क्यांच्या आत आणता येते.

गोळी चालू नसताना निरोध फाटला, किंवा बाधिताने दोन-तीन आठवडे औषध सोडल्याचे नंतर उघडकीस आले, तर सकाळची वाट पाहू नये. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, २८ दिवसांचा तातडीचा औषधक्रम सुरू करता येतो. तो पुरा करून चाचणी निगेटिव्ह आली की तेथूनच रोजच्या प्रतिबंधक गोळीवर जाता येते. रात्री-अपरात्री सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात हे सांगण्याची लाज वाटू देऊ नये.

चौकशीसाठी जवळचे आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, किंवा एआरटी केंद्र गाठावे; १०९७ हा राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही माहिती देण्यासाठी आहे. सरकारी केंद्रांतील चाचणी, एआरटी आणि व्हायरल लोडची तपासणी विनामूल्य असते. प्रतिबंधक गोळीची आपल्या केंद्रात काय सोय आहे हे समुपदेशकाला विचारावे, आणि तेथे नसेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भारतीय कंपन्यांनी बनवलेली, त्याच दोन औषधांची जेनेरिक गोळी दुकानातून घ्यावी. चिठ्ठीवाचून, तपासणीवाचून, ओळखीच्या दुकानदाराकडून घेऊ नये. रोजच्या गोळीऐवजी टोचून घेण्याची औषधेही आता निघाली आहेत : दोन महिन्यांतून एकदा घ्यावयाचे कॅबोटेग्रॅव्हिर, आणि ६ महिन्यांतून एकदाच घ्यावयाचे लेनाकॅपॅव्हिर, ज्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये केली आणि ज्याच्या स्वस्त उत्पादनाचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एम्क्युअरही आहे. ज्या स्त्रीला घरात बाटली ठेवणेच अशक्य आहे तिच्यासाठी हा मोठा दिलासा ठरेल. तोवर गोळी आहे, आणि ती गुणकारी आहे.

राहता राहिला थांबविण्याचा प्रश्न. बाधिताने एआरटी सुरू करून ६ महिने लोटले, गोळ्या चुकल्या नाहीत, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे ६ महिन्यांनी होणाऱ्या व्हायरल लोड तपासणीत विषाणू आढळला नाही, तर गोळी थांबविण्याचा विचार करता येतो. नुसते सहा महिने उलटणे पुरेसे नाही, रिपोर्ट हाती पाहिजे, आणि तो अबाधित जोडीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असावा. एक नाजूक गोष्टही येथे सांगणे भाग आहे : वर उल्लेखिलेल्या एचपीटीएन अभ्यासात अबाधितांना झालेल्या काही लागणी त्यांच्या जोडीदाराकडून आलेल्याच नव्हत्या, त्या बाहेरून आल्या होत्या, तेव्हा ज्याचे बाहेर संबंध आहेत त्याला जोडीदाराच्या चांगल्या रिपोर्टाने संरक्षण मिळत नाही, आणि त्याने ही गोष्ट निदान डॉक्टरांजवळ बोलून गोळी चालू ठेवावी. थांबविण्याचे ठरले तर ज्या दिवसापर्यंत धोका संभवतो त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, पुष्कळ ठिकाणी २८ दिवस, गोळी घेऊन मग ती बंद करावी; कावीळ ब असलेल्यांनी ती आपण होऊन बंद करू नये. थांबविताना एक चाचणी, ३ महिन्यांनी दुसरी, आणि पुढे बाधिताचा वार्षिक व्हायरल लोड ज्या महिन्यात असतो त्याच महिन्यात आपलीही चाचणी, असा क्रम ठेवावा. दोघांचे कागद एकाच फाइलीत लावावेत, आणि लोड वर गेलेला दिसला तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच भेटीत, केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी, गोळी पुन्हा सुरू करण्याविषयी विचारावे.